गुमास्ता कोणाचा? ब्राउझर आणि खासगीपणाची तीस वर्षं



वेबचे नियम ज्या तांत्रिक दस्तऐवजांत लिहिलेले आहेत, त्यांत ब्राउझरला एक वेगळंच नाव आहे : 'यूझर एजंट'. वापरणाऱ्याचा एजंट. आपल्या जुन्या पेढ्यांच्या भाषेत बोलायचं तर गुमास्ता. मालक पेढीवर बसलेला असतो आणि गुमास्ता त्याच्या वतीनं बाजारात जातो, भाव विचारतो, माल पाहतो, परत येऊन सांगतो. आपण पडद्यावर एखादा पत्ता टाकतो तेव्हा आपण खुर्चीतच असतो. जातो तो हा गुमास्ता. आणि गुमास्ता ठेवणाऱ्या प्रत्येक मालकाला एक जुनी धास्ती असते. हा बाजारात माझ्या वतीनं बोलतोय, की समोरच्याकडून दलाली घेऊन माझी गुपितं तिकडे पोचवतोय?

खासगीपणा जपण्यासाठी कुठला ब्राउझर निवडावा, हा प्रश्न मुळात एवढाच आहे. त्याचा तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास आज आपण पाहणार आहोत. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. संगणकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. पण या इतिहासातले निर्णायक क्षण यंत्राचे कमी आणि माणसांनी केलेल्या निवडीचे जास्त आहेत. म्हणून हे धाडस.

आधी शब्दाबद्दल थोडं. 'खासगी' हा शब्द मराठीत दरबाराच्या वाटेनं आला. मराठेशाहीत खासगी म्हणजे राजाचा किंवा सरदाराचा स्वतःचा, घरचा कारभार. दौलतीच्या कारभारापासून निराळा. होळकरांकडे खासगीचं उत्पन्न वेगळं असे, आणि अहिल्याबाईंच्या दानधर्माशी ते जोडलेलं आहे. म्हणजे खासगी असणं हा मूळचा थोरामोठ्यांचा मान. सामान्य माणसालाही 'खासगी' म्हणून काही असतं, ही कल्पना उशिराची. वाड्यातल्या माजघरात किंवा चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत कसला आलाय खासगीपणा? 'एकांत' हा शब्द आपल्याकडे होता, पण तो साधकाचा.

पाश्चात्त्य जगातही हा हक्क म्हणून फार जुना नाही. १८९० साली वॉरन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांनी 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'त त्यावर प्रसिद्ध लेख लिहिला, तो झटपट फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांना आणि चहाटळ वर्तमानपत्रांना वैतागून. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यातल्या न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात आणीबाणीतला जबलपूरचा निकाल मोडीत काढला गेला, आणि १९७६च्या त्या निकालात बहुमताच्या बाजूला त्यांचे वडील न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. हे जाता जाता. हक्क कागदावर आला २०१७ साली. ब्राउझरच्या जगात त्याची हेळसांड सुरू होऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

आता मूळ कथेकडे.

१९९०च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला ब्राउझर लिहिला. त्यात पानं वाचता येत आणि लिहिताही येत, ही गोष्ट आपण आता विसरलो आहोत. ३० एप्रिल १९९३ला सर्ननं वेबचं तंत्र सर्वांना विनामूल्य खुलं केलं. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठात मार्क आंद्रेसन आणि एरिक बिना यांनी 'मोझेक' ब्राउझर तयार केला, आणि पुढच्या वर्षी आंद्रेसन आणि जिम क्लार्क यांनी नेटस्केप कंपनी काढली.

त्या काळच्या वेबचा एक स्वभाव होता : तो विसराळू होता. तुम्ही एक पान मागितलं, सर्व्हरनं ते दिलं, आणि तुम्हाला तो साफ विसरला. दुसरं पान मागितलं की तुम्ही त्याला पुन्हा नवखे. आज मागे वळून पाहताना वाटतं, हा विसराळूपणा म्हणजे केवढं मोठं संरक्षण होतं! पण दुकानदाराला तो गैरसोयीचा. गिऱ्हाइकानं टोपलीत एक वस्तू टाकली आणि दुसरी बघायला गेलं की दुकानाला पहिली आठवतच नसे.

१९९४ साली नेटस्केपच्या एका ग्राहक कंपनीला नेमकी हीच अडचण सोडवून हवी होती, आणि ते काम तेवीस वर्षांच्या लू मॉन्टुली या अभियंत्याकडे आलं. सर्वांत सोपा उपाय समोरच होता : प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकायचा आणि तो जाईल तिथे दाखवायचा. मॉन्टुलीनं तो जाणूनबुजून टाळला. असा क्रमांक दिला तर माणूस कुठे कुठे गेला याचा माग कुणीही काढू शकेल, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याऐवजी त्यानं कुकी काढली.

कुकी म्हणजे काय हे समजायला आपल्या देवळाबाहेरचा चप्पल-स्टँड आठवावा. तुम्ही चपला देता, तो तुम्हाला एक बिल्ला देतो. परत आल्यावर तुम्ही बिल्ला दाखवता, तो तुमच्याच चपला काढून देतो. त्याला तुमचं नाव-गाव माहीत नसतं. आणि मुख्य म्हणजे, आळंदीचा बिल्ला पंढरपूरच्या स्टँडवर चालत नाही. एका संकेतस्थळानं दिलेली कुकी फक्त त्याच संकेतस्थळाला परत दाखवायची, हा मॉन्टुलीचा नियम. मोठी सुबक आणि सभ्य रचना होती ही. त्या तरुण माणसानं खासगीपणाचा विचार केला नव्हता असं म्हणणाऱ्यांवर आम्हाला राग येतो. त्यानं तो केला होता.

मग बिनसलं कुठे? तर वेब-पानावर दुसरीकडून आणलेली चित्रंही असू शकतात. तुम्ही वर्तमानपत्राचं पान उघडता. त्यातली बातमी वर्तमानपत्राच्या सर्व्हरवरून येते, जाहिरातीचं चित्र मात्र जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून. आणि चित्र देता देता ती कंपनीही आपला बिल्ला तुमच्या खिशात टाकू शकते. आता समजा, महाराष्ट्रातल्या सगळ्या देवळांबाहेरचे स्टँड एकाच कंत्राटदाराचे झाले. बिल्ला त्याचाच, दाखवायचाही त्यालाच. मॉन्टुलीचा नियम कुठेच मोडला नाही. पण तुम्ही आळंदीला कधी गेलात, जेजुरीला कधी गेलात, आणि शनिशिंगणापूरला अलीकडे फार का जाऊ लागलात, हे सगळं त्याच्या वहीत आलं. याला म्हणतात थर्ड-पार्टी कुकी, तिऱ्हाइताची कुकी.

१९९६च्या फेब्रुवारीत 'फायनान्शियल टाइम्स'नं कुकीबद्दल बातमी दिली, तेव्हा लोकांना प्रथम कळलं की आपल्या संगणकात असं काही साठतंय. तोवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

आणि इथे या इतिहासातला आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रसंग येतो, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. नेटस्केपपुढे प्रश्न उभा राहिला : तिऱ्हाइताच्या कुकी बंद करायच्या का? निर्णय बव्हंशी मॉन्टुलीच्या हाती होता. त्यानं त्या चालू ठेवल्या. त्याची कारणमीमांसा त्यानं पुढे स्वतः लिहिली आहे. हा मार्ग बंद केला तर जाहिरातवाले दुसरा, अधिक छुपा मार्ग काढतील. कुकी निदान दिसते, पुसता येते. पाळत ठेवणारा डोळ्यांसमोर असलेला बरा. हा युक्तिवाद फालतू नाही. पुढे आपण पाहू की त्याचं अर्धं भाकीत खरंही ठरलं. पण त्यात एक गृहीत आहे : ज्याला कुकी दिसू शकते तो ती पाहील. म्हणजे राखणदारी मालकानं करायची, गुमास्त्यानं नाही.

त्याच सुमारास दुसरीकडे अगदी उलट निष्कर्ष निघत होता. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या मंडळाच्या वतीनं बेल लॅब्जचे डेव्हिड क्रिस्टॉल कुकीचा अधिकृत नियम लिहीत होते, आणि गंमत पाहा, त्यांचा सहलेखक होता खुद्द मॉन्टुली. फेब्रुवारी १९९७मध्ये हा दस्तऐवज, आरएफसी २१०९, प्रसिद्ध झाला. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की, वापरणाऱ्यानं स्वतःहून न मागितलेल्या ठिकाणाच्या कुकी ब्राउझरनं घेऊ नयेत. हवं तर त्या घेण्याची सोय ठेवावी, पण ती सोय मुळात बंद असावी. चालू करायची ती वापरणाऱ्यानं. जाहिरात कंपन्यांनी गदारोळ केला. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही आपापल्या ब्राउझरांत तो नियम पाळला नाही. दंड काहीच नव्हता. मानक म्हणजे कायदा नव्हे.

मित्रहो, 'मुळात बंद की मुळात चालू' हा जो प्रश्न आहे, ज्याला आपण इंग्रजीतला 'डीफॉल्ट' शब्द जसाच्या तसा वापरतो, त्यावर एखाद्या तत्त्वज्ञानं ग्रंथ लिहायला हरकत नाही. आमच्या पिढीनं स्वातंत्र्य म्हणजे निवड करण्याची मोकळीक असं शिकवलं. पण शंभरातल्या बहुतेक माणसांनी सेटिंगचं पान आयुष्यात कधी उघडलेलं नसतं. त्यांच्या बाबतीत निवड झालेली असते. ती दुसऱ्यानं, त्यांच्या नावानं केलेली असते.

मधल्या ब्राउझर-युद्धाची कथा तुम्ही ऐकलेली असेल, ती भरभर उरकतो. मायक्रोसॉफ्टनं १९९५मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर आणला, विंडोजबरोबर फुकट वाटला, आणि नेटस्केप झोपलं. १९९८मध्ये अमेरिकी सरकारनं मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. बुडता बुडता नेटस्केपनं आपला सगळा कोड खुला केला, त्यातून मोझिला उभं राहिलं आणि नोव्हेंबर २००४मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. खासगीपणाच्या दृष्टीनं या युद्धाचा परिणाम एकच : ब्राउझर फुकट झाला. गुमास्त्याला पगार देणं मालकानं बंद केलं. मग त्याचं पोट कोण भरत होतं?

इकडे कंत्राटदार वाढत होता. 'डबलक्लिक' ही जाहिरात कंपनी हजारो संकेतस्थळांवर आपले बिल्ले वाटत होती. १९९९मध्ये तिनं 'अबॅकस डायरेक्ट' ही कंपनी घेतली. अबॅकसकडे कोट्यवधी अमेरिकी कुटुंबांची टपालानं केलेल्या खरेदीची नोंद होती, खऱ्या नावा-पत्त्यांसकट. दोन्ही वह्या जोडायचा बेत होता. म्हणजे बिल्ल्याच्या क्रमांकापुढे नाव लिहायचं. मोठा ओरडा झाला, अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे तक्रार गेली, आणि मार्च २०००मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी तो बेत मागे घेतला.

नंतर २००७मध्ये गूगलनं डबलक्लिक ३.१ अब्ज डॉलरना घेतल्याचं जाहीर केलं. व्यवहार पुरा झाला मार्च २००८मध्ये. त्याच वर्षी २ सप्टेंबरला गूगलचा स्वतःचा ब्राउझर आला : क्रोम. सहा महिन्यांच्या अंतरानं एकाच घरात कंत्राटदारही आला आणि गुमास्ताही. क्रोम वेगवान होता, सुरक्षित होता. आजही आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. चोर-दरोडेखोरांपासून तो तुमचं चांगलं रक्षण करतो. पण सुरक्षितता वेगळी आणि खासगीपणा वेगळा. पहारेकरी दारावर भक्कम उभा आहे, एवढ्यावरून तो तुमची पत्रं वाचत नाही असं सिद्ध होत नाही. २०१६मध्ये गूगलनं आपलं धोरण बदलून डबलक्लिककडची भटकंतीची नोंद नावानिशी खात्याला जोडण्याची वाट मोकळी केली. नव्या खात्यांना हे आपोआप लागू, जुन्या खातेदारांना संमती विचारून. २०००मध्ये जे करायला एका कंपनीची छाती झाली नव्हती, ते सोळा वर्षांनी फारसा गाजावाजा न होता घडलं.

केवळ गूगललाच बोल लावावा असंही नाही. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ची आखणी चालू असताना, २००८मध्ये, तिथल्या काही अभियंत्यांना पाळत ठेवणारे तिऱ्हाईत मुळातच अडवायचे होते. त्याच्या आदल्या वर्षी कंपनीनं एक मोठी जाहिरात कंपनी विकत घेतली होती. 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं २०१०मध्ये दिलेल्या वृत्तानुसार जाहिरात विभागाच्या वरिष्ठांनी विरोध केला. सोय राहिली, पण कशी? ब्राउझर उघडला की प्रत्येक वेळी नव्यानं चालू करायची! दारूबंदी असलेल्या गावात परमिट मिळवणंही याहून सोपं असेल.

मधल्या काळात सभ्यपणाचाही एक प्रयोग झाला. 'डू नॉट ट्रॅक' नावाची एक पाटी ब्राउझरनं प्रत्येक विनंतीबरोबर दाखवायची : कृपया माझा माग काढू नये. फायरफॉक्सनं ती २०११मध्ये आणली, बाकीच्यांनीही घेतली. पाटीचा मान राखायचं बंधन कुणावर नव्हतं, आणि कुणी तो फारसा राखलाही नाही. २०१९च्या जानेवारीत ते काम पाहणारा मानक-गट बंद झाला. 'येथे कचरा टाकू नये' या पाटीखाली काय असतं, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको.

खरा बदल झाला तो ब्राउझरनं पाटी लावणं सोडून दार लावायला सुरुवात केली तेव्हा. ॲपलच्या सफारीनं २०१७पासून माग काढणाऱ्यांच्या कुकी छाटायला सुरुवात केली आणि मार्च २०२०मध्ये तिऱ्हाइतांच्या कुकी मुळातून बंद केल्या. फायरफॉक्सनं सप्टेंबर २०१९मध्ये ज्ञात माग काढणाऱ्यांना सर्वांसाठी आपोआप अडवलं. क्रिस्टॉल यांनी १९९७मध्ये लिहिलेला नियम अमलात यायला बावीस-तेवीस वर्षं लागली.

मग क्रोमचं काय? जानेवारी २०२०मध्ये गूगलनं जाहीर केलं की, दोन वर्षांत क्रोममधूनही तिऱ्हाइताच्या कुकी जातील. मुदत २०२३वर गेली, मग २०२४वर. जुलै २०२४मध्ये बेत सोडला. एप्रिल २०२५मध्ये सांगितलं की लोकांना वेगळं विचारणंही नाही. आणि ऑक्टोबर २०२५मध्ये कुकीला पर्याय म्हणून उभारलेल्या बहुतेक योजनाही गुंडाळल्या. यात एक गुंता आहे, तोही न्यायबुद्धीनं सांगितला पाहिजे. ब्रिटनच्या स्पर्धा-नियामकानं आक्षेप घेतला होता की, सगळ्यांचे बिल्ले बंद झाले तर ज्याच्याकडे स्वतःची भलीमोठी वही आहे अशा गूगलचंच फावेल. आक्षेप खरा होता. पण त्यातून खासगीपणाच्या वाट्याला काय आलं, तर शून्य.

त्या पर्यायी योजनांपैकी पहिली, 'फ्लॉक', आपल्याशी थेट संबंधित आहे. माणसांच्या भटकंतीवरून ब्राउझरनंच त्यांचे कळप पाडायचे आणि जाहिरातदाराला कळपाचा क्रमांक सांगायचा, अशी ती कल्पना. २०२१च्या वसंतात तिची चाचणी ज्या देशांतल्या काही क्रोम-वापरकर्त्यांवर झाली, त्यांत भारत होता. युरोपीय संघातले देश नव्हते. तिथे कडक कायदा आहे. आपल्याकडे तेव्हा कायदा नव्हता. विदा-संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला आणि त्याचे नियम यायला २०२५चा नोव्हेंबर उजाडला.

भारतातला याहून बोलका दाखला 'यूसी ब्राउझर'चा. स्वस्त फोन, मंद नेट, महाग डेटा, अशा दिवसांत कमी डेटात भराभर चालणारा हा ब्राउझर आपल्याकडे कोट्यवधी लोकांनी वापरला. कॉलेजची पोरं क्रिकेटचा स्कोअर त्यावरच बघायची. कंपनी चिनी, पुढे अलीबाबाच्या मालकीची. मे २०१५मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या 'सिटिझन लॅब'नं अहवाल दिला की, हा ब्राउझर फोनची आणि सिमची ओळख, वापरणाऱ्याचं ठिकाण, असा मजकूर नीट कुलूप न लावता पाठवतोय, आणि त्याच्या इंग्रजी आवृत्तीत शोधलेले शब्द तर पोस्टकार्डावर लिहिल्यासारखे उघडे जातायत. त्याहून चमत्कारिक भाग पुढे आहे. स्नोडेनच्या कागदपत्रांतून कळलं की पाश्चात्त्य हेरसंस्थांना ही गळती आधीच सापडली होती आणि त्यांनी ती कुणाला न सांगता वापरायचं ठरवलं होतं. गळक्या भांड्याखाली कोण कोण ओंजळ धरून बसलंय, हे भांड्याच्या मालकालाही माहीत नसतं. भारतात यूसी ब्राउझर बंद झाला तो २९ जून २०२०ला, गलवाननंतर ५९ ॲपवर बंदी आली त्यात. कारण देशाच्या सुरक्षेचं होतं. २०१५चा अहवाल आणि ही बंदी, यांच्यामधल्या पाच वर्षांत वापरणाऱ्यांचा कळवळा कुणाला आला होता असं दिसत नाही.

इथे नेहमीचा प्रश्न येतो : 'आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?' आमच्या वयाची मंडळी हे फार अभिमानानं विचारतात. त्यांना आमचं म्हणणं असं की, ब्राउझरमध्ये माणूस आपली कृत्यं लिहीत नाही, आपल्या शंका लिहितो. छातीत दुखतंय तेव्हा मुलाला सांगायच्या आधी तो इथे विचारतो. नोकरी सोडावी का, घटस्फोटाला किती काळ लागतो, मृत्युपत्र कसं करतात, देव आहे की नाही. यातल्या निम्म्या गोष्टी तो पुढे करणारच नसतो. विचार पक्का होण्याआधीची ती चाचपणी असते. बाईंनी गर्भाशयाच्या गाठीबद्दल चार पानं वाचली आणि दुसऱ्या दिवशी घरच्या संगणकावर सगळीकडे रुग्णालयांच्या जाहिराती, आणि शेजारी सून बसलेली. यात गुन्हा कुणाचाच नाही, पण सांगायची वेळ निवडण्याचा त्या बाईंचा हक्क गेला.

आता दोन गैरसमज. पहिला, 'इन्कॉग्निटो' म्हणजे गुप्त खिडकी. ती उघडली की आपण अदृश्य झालो असं अनेकांना वाटतं. ती खिडकी बंद करताच त्या संगणकावरचा इतिहास आणि कुकी पुसते. म्हणजे घरातल्या माणसांपासून लपवते. संकेतस्थळ, इंटरनेट पुरवणारी कंपनी, कचेरीतला नेटवर्क सांभाळणारा, यांच्यापासून नाही. याच गैरसमजावरून अमेरिकेत जून २०२०मध्ये गूगलवर खटला झाला. २०२४च्या तडजोडीत कंपनीनं त्या खिडकीतून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी पुसायचं मान्य केलं आणि खिडकीवरची सूचनाही अधिक स्पष्ट केली.

दुसरा, कुकी बंद केल्या म्हणजे सुटलो. मॉन्टुलीचं भाकीत आठवा : मार्ग बंद केला तर छुपा मार्ग काढतील. तो निघाला. तुमच्या पडद्याचा आकार, घड्याळाचा विभाग, ब्राउझरची आवृत्ती, बसवलेले फाँट, हे सगळं जोडलं की बोटाच्या ठशासारखा ठसा तयार होतो. अमेरिकेतल्या 'ईएफएफ' या संस्थेचे पीटर एकर्सली यांनी २०१०मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, तर त्यांतल्या ८३.६ टक्क्यांचा ठसा दुसऱ्या कुणाशीही जुळत नव्हता. त्या प्रयोगाचं नाव त्यांनी बेंथमच्या पॅनॉप्टिकॉनवरून ठेवलं होतं, हे तत्त्वज्ञानवाल्यांना आवडेल. विचार करा, लंडनमधल्या एखाद्या मराठी माणसाच्या संगणकात कृतिदेव आणि शिवाजी हे फाँट बसवलेले असतील, तर त्या मोहल्ल्यात त्याला ओळखायला आणखी काय लागतं!

यावर खरा उतारा शोधला तो टॉर ब्राउझरनं. त्याच्या मुळाशी असलेलं तंत्र नव्वदच्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत जन्मलं. विनंती तीन टप्प्यांतून फिरवायची, आणि सगळ्या वापरणाऱ्यांचे ब्राउझर होता होईल तो एकसारखे दिसू द्यायचे. वारीत पांढरा सदरा, टोपी आणि कपाळी बुक्का असलेल्या हजारोंत तुम्ही एकालाच कसे शोधणार? तीच युक्ती. पण टॉर मंद चालतो, बरीच संकेतस्थळं त्याला दारातच अडवतात, आणि त्यावरून वीजबिल भरण्यात काही अर्थ नाही. पत्रकाराला, धमक्या येत असलेल्या माणसाला तो हवा.

उरलेल्यांनी काय करावं? पहिला प्रश्न, गुमास्ता कुणाचं मीठ खातो. क्रोमचं घर जाहिरातीवर चालतं. ॲपलचं फोन विकून. पण सफारीत गूगलचा शोध मुळात ठेवण्यासाठी एकट्या २०२२मध्ये गूगलनं ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. फायरफॉक्समागचं मोझिला ना-नफा संस्थेचं, तरी त्याचं बहुतेक उत्पन्नही गूगलच्या तशाच करारातून येतं, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांनी माहिती कधीच न विकण्याचं आपलं जुनं आश्वासन संकेतस्थळावरून काढलं, तेव्हा निष्ठावंतांत खळबळ माजली होती. 'विक्री'ची कायद्यातली व्याख्या फार रुंद आहे, असं त्यांचं स्पष्टीकरण. खासगीपणाच्याच नावावर उभ्या राहिलेल्यांचंही तसंच. 'ब्रेव्ह' जाहिराती आणि माग काढणारे मुळातच अडवतो, उत्तम अडवतो. पण २०२०मध्ये काही पत्ते टाइप करताना तो गुपचूप स्वतःच्या दलालीचा दुवा जोडत असल्याचं आढळलं आणि कंपनीला माफी मागावी लागली. 'डकडकगो'चा ब्राउझर मायक्रोसॉफ्टबरोबरच्या करारापायी त्यांच्या काही माग काढणाऱ्यांना वाट देत होता. २०२२मध्ये बोंब झाली, मग ते थांबलं. हे सांगण्यामागे सगळे सारखेच, असं म्हणायचं नाही. सगळे सारखे नाहीतच. आज सफारी, फायरफॉक्स आणि ब्रेव्ह मुळात जे अडवतात ते क्रोम मुळात अडवत नाही, हा फरक फार मोठा आहे.

आम्ही स्वतः वाचनासाठी फायरफॉक्स वापरतो, त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' हे जाहिराती अडवणारं जोडकाम टाकून. क्रोमनं जोडकामांचे नियम बदलल्यावर त्याची पूर्ण आवृत्ती तिथे चालेनाशी झाली, फायरफॉक्समध्ये ती चालते. बँकेसाठी दुसरा ब्राउझर ठेवला आहे, त्यात बँकेखेरीज काही उघडत नाही. दोन गुमास्ते, दोघांना एकमेकांची कामं माहीत नाहीत. क्रोमच हवा असेल तर सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली तिऱ्हाइताच्या कुकी बंद करता येतात. दोन मिनिटांचं काम. एखादं संकेतस्थळ अडखळलं तर तेवढ्यापुरती सूट द्यावी.

स्वदेशी ब्राउझरबद्दल अलीकडे विचारणा होते. झोहोचा 'उला' २०२३मध्ये आला. कंपनीचं पोट कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या वर्गणीवर भरतं, जाहिरातीवर नाही, ही जमेची बाजू. मात्र त्याचं इंजिन क्रोमियम, म्हणजे गूगलनं खुलं केलेलंच. एज, ऑपेरा, ब्रेव्ह या सगळ्यांचंही तेच. वेगळी इंजिनं जगात आता दोनच उरली आहेत, ॲपलचं आणि मोझिलाचं. त्यातलं मोझिलाचं उद्या बंद पडलं तर मुळात काय चालू नि काय बंद हे ठरवणारे फक्त दोन दिवाणखाने उरतील, दोन्ही कॅलिफोर्नियात.

वेळ संपत आली. प्रश्न घेऊ.